तिसऱ्या कडव्यापर्यंत

चतुराबाई गाताना डाव्या हाताच्या पेरांवर कडवी मोजायच्या. उजवा हात लोकांकडे, हवेत. डावा मांडीवर, आणि त्याचा अंगठा करंगळीच्या बुडाच्या पेरावर टेकलेला. एक कडवं संपलं की अंगठा एक पेर वर सरकायचा. मला वाटायचं, शब्द चुकू नयेत म्हणून त्या मोजतात. मला स्वतःलाही मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे ही बाई मला पहिल्याच भेटीत आवडली. ती मोजणी कशाची होती हे कळायला मला बारा वर्षं लागली. कळलं तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली आखाडा बाळापूरच्या जिल्हा परिषद शाळेत झाली. जिल्हा तेव्हा परभणीच होता. आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास चाले. रोज ग्रंथवाचन, आणि आश्विन पौर्णिमेला दुपारी समाप्तीचा कार्यक्रम: वंदना, भाषणं, गाणी आणि मग सगळ्यांचं जेवण. अक्षर बरं आहे आणि कामं वेळेवर होतात, म्हणून पहिल्याच वर्षी मला समितीची चिटणीस केलं. मी याद्या केल्या. सतरंज्या कोणाकडून, भाजी कोण चिरणार, कोणी किती मिनिटं बोलायचं. माझ्याआधी तिथे यादी नावाची गोष्टच नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी शिरड शहापूरहून दोन गाड्या बदलून तीन माणसं आली. पुढे चतुराबाई, पांढऱ्या लुगड्यात, ठेंगण्या, पायात टायरच्या चपला. मागे डोक्यावर बाजाची पेटी घेतलेले त्यांचे मालक भिकाजी. त्यांच्या मागे काखेत ढोलकी घेतलेले किसनदादा. मी वही उघडली आणि विचारलं, "किती गाणी म्हणणार? एकेकाला किती मिनिटं लागतील?"

चतुराबाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं का वो? बाई गाण्याच्या हाताला घड्याळ बांधून राहिल्या." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लिवा, लिवा. पाच गाणी लिवा. मिनिटं तुमी तुमच्या मनानं टाका, आमी आमच्या मनानं गातो."

तेव्हापासून मी त्यांची "लिहिणारी बाई" झाले. दरवर्षी त्या आधी आमच्या घरी येत. माझी आई माझ्याकडेच राहायची. दोघी चहाचा कप बशीत ओतून समोरासमोर बसायच्या आणि तासभर बोलायच्या. भिकाजी फार बोलत नसत, म्हणून त्यांच्या वाटचंही चतुराबाईच बोलायच्या. "पेटी वाजवता येती म्हणून हा नवरा पसंत केला," त्या सांगत, "आता पेटीच सवत झाली. रानात जाताना मला इचारत न्हाई, पण पेटीवर फडकं टाकल्याबिगर घराबाहेर पडत न्हाई." भिकाजी गालातल्या गालात हसायचे आणि पेटीवरचं फडकं नीट करायचे.

माईक त्यांना आवडायचा नाही. मंडपवाला तो तोंडाजवळ आणून ठेवायचा, त्या हाताने लांब सारायच्या. "जवळ घेतलं की हे माझं अर्धं गाणं खाऊन टाकतंय. लांबूनच बरं, उपाशी राहू द्या त्याला." लांबच्या माईकमुळे सुरुवातीचं गाणं मागच्यांना नीट ऐकू येत नसे. लोक बोलत, बायका लेकरांना पाणी पाजत, उशिरा आलेले जागा शोधत. मग हळूहळू शांत होत. का होत, हे मी कधी पाहिलं नाही. मी स्वयंपाकाकडे असायची. आई पहिल्या रांगेतून मान वळवून मला खुणावायची, जरा बस. मी हातातली यादी वर करून दाखवायची. खरं सांगायचं तर दहा वर्षांत मी त्यांचं एकही गाणं बसून शेवटपर्यंत ऐकलं नाही. आणि तरी त्यांच्या गाण्याविषयी माझं मत मात्र होतं.

ते मत कॅसेटवरून झालेलं होतं. मध्ये एका वर्षी नांदेडच्या एका दुकानदाराने या तिघांना नेऊन कॅसेट काढली. ती चहाच्या टपरीवर वाजायची, जीपमध्ये वाजायची, वह्या तपासताना माझ्या टेबलावरही वाजायची. त्यातला आवाज पहिल्या ओळीपासून भरलेला, उजळ, काठोकाठ. जिल्हा हिंगोली झाला त्या सुमाराला तर गावातली पोरं चतुराबाईंना कॅसेटवरूनच ओळखत. समोर गाऊ लागल्या की कोणीतरी म्हणायचंच, "क्यासेटवाणी लागून नाही राहिलं." हे त्यांच्या कानावर जाई. एकदा आमच्या ओट्यावर पाय चोळत त्या आईला म्हणाल्या, "क्यासेटीतली चतुरा म्हातारी होत न्हाई, आक्का. तिचे दात पडत न्हाईत, तिला खोकला येत न्हाई. लोकायचा जीव तिच्यावरच. मला तर कधी कधी वाटतं, तिलाच बसनं पाठवून द्यावं बाळापूरला."

आई हसली. मीही हसले. मनात म्हटलं, खरंच आहे.

मग भिकाजी गेले. पेटी घरात राहिली, वाजवणारा राहिला नाही. पुढच्या समाप्तीला चतुराबाई आणि किसनदादा दोघंच आले. पहिल्याच गाण्यात, पहिल्याच कडव्यात चतुराबाईंना खोकल्याची उबळ आली. मागच्या बाजूला उभी असलेली काही पोरं हसली. एकाने कॅसेटमधली तीच ओळ गुणगुणून दाखवली. मी पातेल्याजवळ उभी होते. मला त्या पोरांचा राग यायला हवा होता. मला कार्यक्रम बिघडल्याचा राग आला.

पुढच्या वर्षी भादव्यात समितीची बैठक बसली. तरुणांचं म्हणणं होतं, यंदा हिंगोलीची नवी पार्टी आणू, कीबोर्डवाली. म्हातारी मंडळी म्हणाली, विहाराच्या पायाचा दगड बसला त्या दिवसापासून चतुराबाई गातात, त्यांना कसं वगळायचं? आवाज वाढला. तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, भांडण कशाला, तपासून पाहू. आवाज राहिला असेल तर त्या गातील, नसेल तर नाही. मी स्वतः जाऊन पाहते. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष, म्हातारे खंदारेकाका, तेवढे म्हणाले, "म्याडम, माणूस काय तांदूळ हाये का, शितावरून पाहायला?" मी म्हणाले, "काका, न पाहता ठरवण्यापेक्षा पाहून ठरवलेलं बरं." माझं बोलणं बिनतोड होतं. माझी बोलणी नेहमीच बिनतोड असत.

रविवारी सकाळी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी शिरड शहापूरला गेले. वहीत आदल्या दिवशीच तक्ता आखला होता. उभे रकाने चार: आवाज, दम, पाठांतर, एकूण. आडव्या ओळी सहा, सहा गाण्यांच्या. चतुराबाईंना मात्र मी तक्त्याचं काही बोलले नाही. म्हटलं, "मावशी, तुमचा आवाज विहारात जपून ठेवायचाय. रेकॉर्डिंग करायला आलेय."

त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला नजर दुसरीकडे न्यावी लागली. त्यांनी अंगण झाडलेलं असूनही पुन्हा झाडलं. तोंड धुतलं, पांढरं लुगडं नेसल्या, सतरंजी अंथरली. सुनेला म्हणाल्या, "किसनभाऊला हाक मार, ढोलकी घेऊन ये म्हणावं."

"ढोलकी नको," मी म्हणाले. "नुसता आवाज हवाय."

"नुसता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुमी म्हणाल तसं."

मी बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटले, डावा हात मांडीवर ठेवला, अंगठा करंगळीच्या बुडाला टेकवला. पहिलं कडवं घोगरं निघालं. वरचा सूर लागला नाही, मध्येच दम तुटला. कडवं संपलं, अंगठा सरकणार तोच मी म्हणाले, "बस. पुढचं." कॅसेट एका बाजूला अर्ध्या तासाची होती, आणि परतीची गाडी साडेबाराची. सहा गाणी म्हणजे एकेक कडवं पुरे, हा हिशेब मी गाडीतच केला होता. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. दुसरं गाणं. "बस. पुढचं." तिसरं. "बस. पुढचं." सहाही वेळा त्यांचा अंगठा त्या एकाच पेरावर राहिला. ते मी पाहिलं. पाहिलं आणि तक्त्यात आकडे लिहिले.

सुनेने चहा आणला.  चतुराबाई बशीत फुंकर मारत म्हणाल्या, "बाई, तुमी तर दुकानात लुगडी पाहावी तसं पाहून राहिल्या. पदर पाहाला, पदर पाहाला, घडी एक बी उलगडली न्हाई."

मी हसले. "वेळ कमी आहे ना, मावशी."

"व्हय. तुमाला कामं लई."

बैठकीत मी तक्ता वाचून दाखवला. आकड्यांपुढे कोण बोलणार? पण नुसतं वगळणं बरं दिसत नाही, म्हणून मीच तोडगा काढला: गाण्याऐवजी सत्कार. शाल, फूल, दोन शब्द. पाच मिनिटं. पत्रही मीच लिहिलं. 'आपल्या प्रकृतीची काळजी घेऊन समितीने यंदा आपला सन्मान करण्याचे ठरविले आहे.' त्या वाक्यावर मी तेव्हा खूश होते.

समाप्तीच्या दिवशी चतुराबाई आल्या त्या किसनदादांना घेऊन. ढोलकी नव्या खोळीत घातलेली होती. सत्कार आहे म्हणजे आधी शाल आणि मग गाणं, असंच त्या दोघांनी धरलं होतं. न गाता माणसाचा सन्मान करतात, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. व्यासपीठावर शाल अंगावर पडली. टाळ्या झाल्या. चतुराबाई तिथेच खाली मांडी घालू लागल्या. किसनदादा खोळीची गाठ सोडायला वाकले. कीबोर्डवाली पोरं आपल्या तारा घेऊन चढत होती. मी पुढे झाले, त्यांच्या कानाशी म्हणाले, "मावशी, यंदा गाणं नाही. वेळ नाही. पत्रात लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नाही, हे मला दहा वर्षांपासून ठाऊक होतं.

"मग ही शाल कायची?" त्यांनी हळूच विचारलं. "आश्विनातल्या उन्हात मला थंडी कुठं वाजून राहिली, बाई?"

मी "नंतर बोलू" म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाचं नाव पुकारलं. किसनदादांनी अर्धी सुटलेली गाठ पुन्हा बांधली. दोघं पंगतीला बसले, जेवले, चारच्या गाडीने गेले. जाण्याआधी चतुराबाईंनी शालीची नीट घडी केली आणि आईच्या हातात ठेवली. "आक्का, तुमाला वाऱ्याचा तरास हाये. पांघरत जा." आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तू कधी ऐकलंस का ग तिला?"

पुढच्या दोन समाप्त्यांना आम्ही चतुराबाईंना बोलावलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई वारली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. मी दुःखातही यादी केली होती: वंदना, आठवणी, भोजन. कागद माझ्या हातात होता. अकराच्या सुमाराला फाटकातून चतुराबाई आत आल्या, किसनदादांचा हात धरून. वाळलेल्या, वाकलेल्या. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी आईच्या फोटोला फूल वाहिलं, मागे सरकून जमिनीवर बसल्या, आणि कोणाला न विचारता गायला लागल्या.

पहिलं कडवं घोगरं. दम तुटत होता. बाजूला पाहुणे आपापसात बोलत होते. माझ्या मनात आलं, आणि ते इथे लिहितानाही लाज वाटते, की आता यांना थांबवायचं कसं. दुसऱ्या कडव्यात आवाज थोडा खाली उतरला, जणू पाय ठेवायला जागा चाचपत होता. किसनदादांची ढोलकी बोटांनीच वाजत होती. चतुराबाईंचा अंगठा करंगळीच्या शेंड्याला पोचला, आणि तिसरं कडवं सुरू झालं.

कॅसेटमधला आवाज तो नव्हता. तो उजळपणा गेला होता. हा खालच्या पट्टीतला आवाज होता, रापलेला, पण कुठेही न अडखळणारा. कॅसेटमध्ये मी नेहमी आवाज ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा शब्द ऐकले. जाणाऱ्याने काय काय मागे ठेवलं, असं साधं गाणं होतं. प्रत्येक गोष्ट त्या समोर आणून ठेवत होत्या: पाण्याची घागर, लेकराची पाटी, उंबऱ्यावरच्या चपला. भाजी वाढायला उठलेल्या बायका पळी हातात धरून उभ्या राहिल्या. फाटकाबाहेर सायकली थांबल्या. मी खाली बसले. हातातला कागद कुठे गेला ते मला आठवत नाही. आई पहिल्या रांगेतून मान वळवून मला बस म्हणायची, ती मी बारा वर्षांनी बसले, आणि ती फोटोत होती.

जेवणं झाल्यावर मी किसनदादांना गाठलं. विचारलं, सुरुवातीला आवाज असा, आणि मग तसा, हे कसं?

"तुमाला ठाऊक न्हाई?" ते चकित झाले. "पहिलं कडवं येणाऱ्या-जाणाऱ्याचं, दुसरं गळ्याचं, तिसऱ्यापासून गाणं. तिचं पहिल्यापासून असंच हाये, बाई. भर जवानीत बी असंच. म्हणून तर ती बोटावर मोजती. तिसऱ्यापर्यंत कुणी काय बी म्हणो, तिकडं ध्यान द्यायचं न्हाई."

"पण कॅसेटमध्ये तर पहिल्या ओळीपासून..."

"क्यासेटवाला शहाणा होता. अख्खं गाणं एकदा नुसतं गाऊ द्यायचा. मग मशीन चालू करून म्हणायचा, आता पुन्यांदा पहिल्यापासून."

गावभर सगळ्यांनी समोरचं पहिलं कडवं कॅसेटमधल्या तापलेल्या गळ्याशी ताडून पाहिलं, आणि मी तर त्याचा तक्ता केला. पोरं हसली ती अडाणीपणाने. मी शिकलेली होते, आणि पद्धतशीर होते.

चतुराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. यंदाच्या समाप्तीला तुम्हीच गायचं."

"काहून रडून राहिल्या? आक्कासाठी रडा, ते बराबर हाये." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोलवा की. येते. पण एक करा. मी गाताना तुमी भाजीपाशी जाऊ नका."

मी कबूल केलं. वर्षावास सुरू झाला. ग्रंथवाचनाला मी रोज पुढे बसू लागले, सवय व्हावी म्हणून. समाप्तीची यादी केली आणि सर्वांत वर त्यांचं नाव लिहिलं, पुढचा मिनिटांचा रकाना रिकामा सोडला. भादव्यात निरोप आला की चतुराबाई गेल्या. खोकला छातीत उतरला होता.

चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्या शाळेत आला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "बाई, मायच्या पुण्यानुमोदनाला तिचंच गाणं लावावं म्हणतो. बाजारातली क्यासेट घासून घासून गेली. पण माय साऱ्यायला सांगायची, बाळापूरच्या बाईनं माझा आवाज विहारात जपून ठेवलाय. ते रेकॉर्डिंग भेटलं तर तकलीफ माफ..."

कॅसेट माझ्याच कपाटात होती. माझी कोणतीही वस्तू हरवत नाही. मी त्याला उद्या ये म्हणाले आणि घरी जाऊन ती काढली. वेष्टनावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'चतुराबाई – चाचणी. सहा गाणी.' वेष्टन बदलता आलं असतं. मी कॅसेट लावली आणि शेवटपर्यंत ऐकली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितलं की कॅसेटला बुरशी लागली, वाजत नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या, बाई. तुमी ठेवली होती हेच लई झालं." आणि माझ्या पाया पडून गेला.

इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. कॅसेट अजून आहे, आणि चांगली वाजते. तिच्यात सहा गाण्यांची सहा पहिली कडवी आहेत, घोगरी, तुटक, एकामागून एक. प्रत्येकाच्या शेवटी एक बाई म्हणते, "बस. पुढचं." सहाही वेळा तिचा आवाज अगदी स्वच्छ आला आहे.